एसई११ म्हणतं ‘आहे’, डंप म्हणतो ‘नाही’: सॅपमध्ये डिक्शनरी ऑब्जेक्ट ‘गायब’ झालं तर काय तपासायचं

“सर, टेबलच नाही म्हणतंय.” हा फोन बहुतेक वेळा ट्रान्सपोर्ट (एका सिस्टिममधले बदल दुसरीत पाठवणं) गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. नाशिकच्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यातल्या कारखान्यांना सॅप सपोर्ट देताना हा एकच दोष मी वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय. हे लिखाण आहे प्लांटमधल्या आयटीवाल्यांसाठी, नुकतंच एबॅप (सॅपची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकलेल्यांसाठी आणि ज्यांचा बेसिसवाला (सॅपची सिस्टिम सांभाळणारा) पुण्यात किंवा मुंबईत बसतो अशा सगळ्यांसाठी. सॅपची जुनी पिढी ईसीसी ६.० आणि नवी एस/४हाना, दोन्हींना बरंचसं सारखंच लागू आहे. जिथं फरक आहे तिथं तसं सांगितलंय.

लक्षणं

एकच आजार, पण तक्रारी निराळ्या येतात. तुमची कुठली ते आधी बघा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

- काल चालणारा झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतः बनवलेला) आज उघडतच नाही. एसटी२२ मध्ये सिंटॅक्स एररचा डंप (प्रोग्रॅम कोसळल्याचा अहवाल), आणि मजकूर असा की अमुक नाव एबॅप डिक्शनरीत टेबल, प्रोजेक्शन व्ह्यू किंवा डेटाबेस व्ह्यू म्हणून नाही. किंवा अमुक टाइप माहीत नाही.
- प्रोग्रॅम उघडतो, पण एक्झिक्यूट केलं की डंप. नाव डीबीआयएफ_आरएसक्यूएल_एसक्यूएल_एरर, आणि खाली डेटाबेसचा स्वतःचा कोड: ओरॅकल असेल तर ओआरए-००९४२, हाना असेल तर २५९, एसक्यूएल सर्व्हर असेल तर २०८. तिघांचा अर्थ एकच, की डेटाबेसला या नावाचं काही सापडलं नाही.
- ट्रान्सपोर्ट रिटर्न कोड ८ वर अडकतो. लॉगमध्ये ‘वापरलेला कॉम्पोनंट टाइप किंवा डोमेन ॲक्टिव्ह नाही किंवा अस्तित्वात नाही’ या अर्थाची ओळ.
- एसई११ मध्ये (डिक्शनरी बघायचा स्क्रीन) टेबल व्यवस्थित दिसतं, पण कंटेंट्स बघायला गेलं की एरर. किंवा स्टेटसमध्ये ‘पार्शली ॲक्टिव्ह’.
- डंप नाहीच. एफ४ दाबल्यावर यादी येत नाही. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सॅपशी आरएफसीने (बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणीची सोय) बोलायचं ते बोलेनासं झालं. रिपोर्ट दोन मिनिटांत यायचा तो आता चहा पिऊन आलो तरी फिरतोच आहे. ही शेवटची तक्रार गायब ऑब्जेक्टची असू शकते हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यावर पुढे येतो.

हात लावण्याआधी एवढं समजून घ्या

टेबल ‘आहे’ असं सॅपमध्ये आपण म्हणतो तेव्हा ते तीन ठिकाणी असावं लागतं. एक, व्याख्या: ती डीडी०२एल, डीडी०३एल या टेबलांत असते आणि एसई११ आपल्याला तीच दाखवतं. दोन, रनटाइम ऑब्जेक्ट, ज्याला बेसिसवाले नेमटॅब म्हणतात. प्रोग्रॅम चालताना सॅप व्याख्या वाचत बसत नाही, नेमटॅब वाचतं. तीन, डेटाबेसमधलं प्रत्यक्ष टेबल. सातबाऱ्यावर नाव आहे, मोजणीच्या नकाशात हद्द नाही, किंवा दोन्ही कागद बरोबर आहेत पण जागेवर शेतच नाही, असे वाद आपल्याकडे नवे नाहीत. इथंही तसंच आहे.

ऑब्जेक्ट पूर्णपणे नाहीसं होणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा ते तीनपैकी एका ठिकाणी नसतं, किंवा डेव्हलपमेंटमध्ये (जिथं बनवतात ती सिस्टिम) असतं आणि क्वालिटीतून (टेस्टिंगची) पुढे प्रॉडक्शनपर्यंत (रोजच्या कामाची) पोचलेलंच नसतं. कुठे नाही ते कळेपर्यंत कुठलंही बटण दाबायचं नाही. पुढचा सगळा क्रम तेवढ्यासाठीच आहे.

आणि एक गोष्ट तर अजिबात करायची नाही. एससीसी४ मधून प्रॉडक्शनचा क्लायंट (सिस्टिममधला डेटाचा स्वतंत्र कप्पा) बदलांसाठी उघडायचा आणि टेबल तिथंच हाताने बनवायचं. गेटवर गाड्यांची रांग लागली की हा मोह सगळ्यांनाच होतो. पण तसं बनवलेल्या टेबलाची मूळ सिस्टिम म्हणून प्रॉडक्शनची नोंद होते. पुढच्या वेळी डेव्हलपमेंटमधून खरं टेबल येतं तेव्हा इम्पोर्ट ते ओव्हरराइट करायला नकार देतो, कारण त्याच्या लेखी तुमचंच ओरिजिनल. दहा मिनिटं वाचली म्हणून जो खूश झाला, तो सहा महिन्यांनी कंपनीत असेलच असं नाही. निस्तरायला कुणीतरी दुसराच.

फुकटातल्या तपासण्या

नाव, सिस्टिम आणि क्लायंट. स्क्रीनखालच्या पट्टीत बघा आपण नेमके कुठे आहोत. तीन-तीन सेशन उघडी असतात, क्वालिटीत पाहतो आणि प्रॉडक्शनबद्दल बोलतो. मग डंपमधलं नाव कॉपी करून एसई११ मध्ये पेस्ट करा, हाताने टाइप करू नका. इंग्रजी ओ आणि शून्य यांच्या गफलतीवर अर्धा तास गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

क्लायंटचा मुद्दा जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. डिक्शनरीतलं ऑब्जेक्ट क्लायंटला बांधलेलं नसतं. टेबल एका क्लायंटमध्ये ‘आहे’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ असं होऊच शकत नाही. तसं कुणी सांगत असेल तर गायब आहे तो डेटा. झेड कॉन्फिग टेबल बनवलं, ट्रान्सपोर्ट केलं, प्रॉडक्शनमध्ये उघडलं तर रिकामं. युजरच्या भाषेत हे ‘टेबल गेलं’. टेबलाची व्याख्या ट्रान्सपोर्ट केल्याने आतल्या ओळी जात नाहीत, त्यांच्या नोंदी रिक्वेस्टमध्ये (ट्रान्सपोर्टची गठडी) वेगळ्या घ्याव्या लागतात. त्याच सिस्टिमच्या दुसऱ्या क्लायंटमध्ये न्यायच्या असतील तर एससीसी१. एवढ्यात प्रश्न सुटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

परवानगी. एसई१६एन मध्ये (टेबलातल्या ओळी बघायचा स्क्रीन) टेबल उघडलं नाही की लगेच एसयू५३ चालवा, कुठली परवानगी नाकारली ते तिथं दिसतं. एस_टीएबीयू_डीआयएस किंवा एस_टीएबीयू_एनएएम लाल दिसलं तर ऑब्जेक्ट शाबूत आहे, तुम्हाला बघायची मुभा नाही इतकंच. एरर नीट न वाचता ‘दिसत नाही’ एवढंच पुढे कळवलं जातं, म्हणून ही तपासणी वर ठेवली.

डंपची वेळ. ही माझी आवडती, कारण दोन मिनिटांत निम्मी भीती घालवते. एसटी२२ मधली डंपची वेळ आणि एसटीएमएस (ट्रान्सपोर्ट इम्पोर्ट करायची जागा) मधल्या इम्पोर्ट हिस्ट्रीतली इम्पोर्टची वेळ शेजारी शेजारी ठेवा. चालू सिस्टिमवर टेबलाची नवी व्याख्या येत असताना, त्याच क्षणी जे युजर ते टेबल वापरत असतात त्यांना डंप बसतो. असे डंप इम्पोर्टच्या त्या काही मिनिटांतच दिसतात आणि नंतर बंद होतात. युजरला लॉगऑफ करून परत यायला सांगा. चाललं तर विषय संपला, फक्त पुढच्या वेळी ट्रान्सपोर्ट शिफ्ट बदलताना नको, रात्री सोडा. इम्पोर्ट संपल्यानंतरही डंप येतच राहिले तर मात्र पुढे चला.

ते निघालं तरी का? रिक्वेस्टचा माग

माझ्या अनुभवात बहुतेक केसेस इथंच संपतात, म्हणून इथं जास्त वेळ द्या.

डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये एसई१६एन मधून टीएडीआयआर (सगळ्या ऑब्जेक्टची नोंदवही असलेलं टेबल) उघडा आणि ऑब्जेक्टचं नाव टाका. टेबल असेल तर प्रकार टीएबीएल, डेटा एलिमेंट (फील्डचा अर्थ ठरवणारा) डीटीईएल, डोमेन (त्याचा प्रकार आणि लांबी ठरवणारं) डीओएमए, व्ह्यू व्हीआयईडब्ल्यू, टेबल टाइप टीटीवायपी, सर्च हेल्प एसएचएलपी. पॅकेजच्या रकान्यात डॉलर-टीएमपी दिसलं की चोर सापडला. डॉलर-टीएमपी म्हणजे लोकल ऑब्जेक्ट, ते कधीच ट्रान्सपोर्ट होत नाही.

अंबडच्या एका कंपनीत गेट एन्ट्रीचं झेड टेबल होतं. टेबल योग्य पॅकेजमध्ये, रिक्वेस्टमध्ये, रिलीजही झालेलं. पण त्यातल्या गाडी नंबरच्या फील्डसाठी बनवलेला डेटा एलिमेंट कुणीतरी ‘आधी टेस्ट करून बघू’ म्हणून लोकल सेव्ह केलेला. डेव्हलपमेंटमध्ये दोघं एकाच घरात, त्यामुळे टेबल बिनबोभाट ॲक्टिव्हेट होत होतं. क्वालिटीत गेल्यावर टेबल म्हणतंय माझा डेटा एलिमेंट कुठाय. लॉगमध्ये ८. तिथं लक्ष कुणी दिलं नाही, कारण त्याच रिक्वेस्टमधला प्रोग्रॅम दिसत होता आणि ‘आलंय की’ असं सगळ्यांना वाटलं. स्टोअरचा माणूस फोनवर सांगत होता, “अहो सर, सेव्ह दाबलं की लाल पानच येतं, गाडी आत घेऊ का नको ते तरी सांगा.” दुरुस्ती साधी होती: डेव्हलपमेंटमध्ये एसई११ मधून त्या डेटा एलिमेंटची ऑब्जेक्ट डिरेक्टरी एन्ट्री उघडायची, पॅकेज बदलायचं, नव्या रिक्वेस्टमध्ये घ्यायचं, रिलीज करायचं, ती आधी इम्पोर्ट करायची आणि अडकलेली रिक्वेस्ट पुन्हा. शोधायला मात्र सकाळ गेली, कारण सगळे टेबलाकडे बघत होते.

म्हणून टेबल ठीक दिसलं तरी तिथं थांबू नका, त्याच्या पोटातलं सगळं बघा. प्रत्येक झेड डेटा एलिमेंट, त्यामागचं डोमेन, डोमेनमध्ये लावलेलं व्हॅल्यू टेबल, अपेंड स्ट्रक्चर, इन्क्लूड. साखळीतली एक कडी लोकल असली तरी वरचं सगळं अडू शकतं.

इथं एक सवलत आहे. सॅपच्या स्टँडर्ड टेबलांत सीआय_ ने सुरू होणारे कस्टमर इन्क्लूड असतात, आणि आपण काही वाढवलं नसेल तर ते अस्तित्वातच नसतात. ॲक्टिव्हेशन लॉगमध्ये त्याची वॉर्निंग दिसते. ती दोष नाही, घाबरून रिकामा इन्क्लूड बनवू नका.

पॅकेज बरोबर असेल तर एसई०३ मध्ये रिक्वेस्टमधलं ऑब्जेक्ट शोधायची सोय आहे, तिथं नाव टाका. कुठल्या कुठल्या रिक्वेस्टमध्ये हे ऑब्जेक्ट आहे ते येईल. मग ई०७० या टेबलात त्या रिक्वेस्टचं स्टेटस: डी म्हणजे अजून उघडी, आर म्हणजे रिलीज झालेली. टास्क (रिक्वेस्टमधला एकेका डेव्हलपरचा भाग) रिलीज केलं आणि रिक्वेस्ट करायची राहिली, हे नेहमीचंच. आणि रिक्वेस्ट सोडून गेलेल्या कन्सल्टंटच्या नावावर पडून आहे, हेही नेहमीचंच.

आता एक खास फसवा प्रकार: ‘क्वालिटीत चालतं, प्रॉडक्शनमध्ये नाही.’ क्वालिटीत ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज (मूळ रिक्वेस्ट न सोडता फक्त तिची नक्कल) पाठवून टेस्टिंग केलंय का ते विचारा. कॉपी ठरवलेल्या सिस्टिमपुरतीच जाते, पुढे प्रॉडक्शनच्या रांगेत लागत नाही. चार कॉप्या पाठवून क्वालिटीत सगळं जमवलं, आणि मूळ रिक्वेस्टमध्ये तिसऱ्या कॉपीतला सर्च हेल्प घ्यायचा राहिला, की प्रॉडक्शनमध्ये एफ४ मुका होतो. कॉप्यांची आणि मूळ रिक्वेस्टची ऑब्जेक्ट यादी समोरासमोर धरली की फरक लगेच दिसतो.

पोचलं, पण उतरलं का? इम्पोर्टचा लॉग

रिटर्न कोड ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे वॉर्निंग, ८ म्हणजे काहीतरी आलं नाही, १२ म्हणजे इम्पोर्ट मध्येच तुटला. बऱ्याच ठिकाणी ‘चार म्हणजे चालतंय’ असा अलिखित नियम आहे. माझा तो नाही. ४ चा लॉग निदान ॲक्टिव्हेशनच्या टप्प्यापुरता तरी उघडून वाचावा.

इम्पोर्टमध्ये डिक्शनरीची ऑब्जेक्ट्स आधी येतात, मग ॲक्टिव्हेट होतात, प्रोग्रॅम वगैरे त्यानंतर. डिक्शनरी ॲक्टिव्हेशन अर्धवट राहिलं तर प्रोग्रॅम दिसतो आणि त्याचं टेबल नसतं, असं का होतं ते यातून कळतं. लॉगमध्ये शेवटची नाही, पहिली लाल ओळ वाचा. एक डोमेन नाही, म्हणून डेटा एलिमेंट नाही, म्हणून टेबल नाही, म्हणून व्ह्यू नाही: पन्नास लाल ओळींचं मूळ बहुतेकदा सुरुवातीच्या एकाच ओळीत असतं.

रिक्वेस्ट एकेक करून इम्पोर्ट करायची सवय असेल तर क्रम तुम्हालाच सांभाळावा लागतो. डेटा एलिमेंटची रिक्वेस्ट आधी, टेबलाची नंतर. सगळी रांग एकत्र सोडली तर सर्व रिक्वेस्टची डिक्शनरी ऑब्जेक्ट्स मिळून ॲक्टिव्हेट होतात आणि हा घोळ बराच कमी होतो. अडकलेली रिक्वेस्ट परत घ्यायची तर एसटीएमएस मध्ये ‘पुन्हा इम्पोर्ट करा’ हा पर्याय आहे.

तो पर्याय वापरण्याआधी एक बघाच: या रिक्वेस्टनंतर त्याच टेबलाची नवीन आवृत्ती दुसऱ्या रिक्वेस्टने येऊन गेली आहे का? गेली असेल आणि तुम्ही जुनी पुन्हा सोडलीत, तर टेबल जुन्या रूपात जातं. नव्याने वाढवलेलं फील्ड नाहीसं होतं आणि त्या फील्डमधला डेटाही जातो. ‘टेबल आहे पण एक कॉलम गायब’ ही तक्रार आली की माझा पहिला संशय याच्यावरच असतो.

तिन्ही थर जुळतात का

रिक्वेस्ट गेली, लॉग स्वच्छ, तरीही डंप. आता प्रॉडक्शनमध्ये एसई११ उघडा, फक्त डिस्प्ले. युटिलिटीज मेनूत डेटाबेस ऑब्जेक्टखाली चेक आहे, आणि रनटाइम ऑब्जेक्टखालीही चेक आहे. दोन्ही फक्त वाचतात, काही बदलत नाहीत, तेव्हा बिनधास्त चालवा. पहिला सांगतो डेटाबेसमधलं टेबल व्याख्येशी जुळतं का, दुसरा सांगतो नेमटॅब जुळतो का. वर सांगितलेल्या तीनपैकी कुठे बिघाड आहे ते इथं समोर येतं. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे ज्याला बोलवाल तो हेच मागणार आहे.

‘पार्शली ॲक्टिव्ह’ असेल तर टेबलावर अवलंबून असलेलं काहीतरी, बहुधा व्ह्यू किंवा दुसरं स्ट्रक्चर, नीट ॲक्टिव्हेट झालेलं नाही. ॲक्टिव्हेशन लॉगमध्ये त्याचं नाव असतं. डेव्हलपमेंटमध्ये दुरुस्त करून पुन्हा ट्रान्सपोर्ट करा.

कधी कधी डंप काहींना येतो आणि काहींना नाही. बाजूबाजूला बसलेल्या दोघांपैकी एकाचं चालतं. अशा वेळी दोघं कुठल्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर लॉगिन आहेत ते बघा, एसएम५१ मध्ये सर्व्हरची यादी असते. डंप एकाच सर्व्हरवर येत असेल तर त्या सर्व्हरचा बफर (मेमरीत ठेवलेली प्रत) शिळा आहे. कमांड फील्डमध्ये स्लॅश, डॉलर, सिंक टाकून बफर रिकामे करता येतात आणि इंटरनेटवर हा उपाय झंडू बामसारखा सगळ्या दुखण्यांवर सुचवलेला दिसेल. पण त्याने त्या सर्व्हरचे सगळे बफर जातात आणि ते पुन्हा भरेपर्यंत सगळ्यांचंच काम रेंगाळतं. महिनाअखेरीच्या दुपारी, बिलिंग जोरात असताना, हे परस्पर करू नये. बेसिसला विचारा.

रिपोर्ट मंद झाला असेल तर

टेबल आहे, डेटा आहे, डंप नाही, पण वेग गेला. सेकंडरी इंडेक्स (शोध जलद करणारी टेबलाची जादा अनुक्रमणिका) गायब असू शकतो. इंडेक्स नसला तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त डेटाबेस अख्खं टेबल चाळत बसतो. म्हणून एररचा पत्ता नसतो आणि दोष आठवडेच्या आठवडे लपून राहतो.

डीबी०२ मध्ये, किंवा डीबीए कॉकपिटमधून, ‘मिसिंग टेबल्स अँड इंडेक्सेस’ ही तपासणी उघडा. डिक्शनरीत आहे पण डेटाबेसमध्ये नाही अशांची यादी तिथं मिळते. टेबलं असली तर प्रकरण गंभीर, इंडेक्स असला तर बेसिसकडून शांत वेळी बनवून घ्यायचा.

उलटी यादीही तिथंच असते: डेटाबेसमध्ये आहे, पण डिक्शनरीला माहीत नाही. ती ‘फालतू’ समजून साफ करायला जाऊ नका. त्यात एखादा डीबीएने थेट डेटाबेसमध्ये मुद्दाम बनवलेला इंडेक्स असतो, आणि कधी कधी तुमचा अडकलेला डेटासुद्धा. कसा, ते खाली.

एसई१४: इथून पुढे हात खिशात

डेटाबेस युटिलिटी. व्याख्या आणि डेटाबेस यांची गाठ पुन्हा बांधायचं काम हीच करते. ‘ॲक्टिव्हेट अँड ॲडजस्ट डेटाबेस’ या बटणाजवळ दोन पर्याय असतात, डेटा ठेवा आणि डेटा उडवा. दुसऱ्यावर टिक असताना बटण दाबलं की टेबल नव्याने बनतं, स्वच्छ आणि रिकामं.

डेव्हलपमेंटमध्ये, तुमच्याच टेस्ट टेबलावर, खुशाल शिका. प्रॉडक्शनमध्ये, टेबल छोटं आहे, झेड आहे, डेटाबेसमध्ये ते मुळातच नाही हे चेकमध्ये दिसलंय, आणि बेसिसवाला फोनवर आहे, एवढं सगळं जुळलं तरच, आणि तेही ‘डेटा ठेवा’ वरच.

टेबलाची रचना मोठी बदलली, म्हणजे फील्डची लांबी कमी केली किंवा की बदलली, की सॅप टेबल कन्व्हर्ट करतं. त्यात जुनं टेबल क्यूसीएम ने सुरू होणाऱ्या नावाखाली बाजूला ठेवलं जातं, नवं बनतं आणि डेटा इकडून तिकडे भरला जातो. मध्येच डिस्क भरली, जॉब मेला किंवा सर्व्हर रिस्टार्ट झाला तर तुमचं टेबल ‘गायब’ किंवा अर्धं रिकामं दिसतं, आणि खरा डेटा त्या क्यूसीएम टेबलात बसलेला असतो. अशा वेळी वरच्या उलट्या यादीत क्यूसीएम टेबल दिसतं आणि कुणाला तरी ते कचरा वाटतं. ते उडवलं की मग बॅकअपशिवाय वाट उरत नाही. एसई१४ मध्ये तुटलेलं कन्व्हर्जन पुढे चालू करायची सोय आहे, पण ते तुटलं का हे आधी शोधून. कारण न काढता पुन्हा सुरू केलं तर त्याच जागी पुन्हा तुटेल. हे काम बेसिसवाल्याचं आहे.

एस/४हाना वर नुकतेच गेला असाल तर

ईसीसी ६.० च्या नव्या एन्हान्समेंट पॅकेजेसची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते, त्यामुळे सध्या आपल्याकडेही कन्व्हर्जनची घाई चालू आहे. त्यानंतर येणाऱ्या ‘टेबल गायब’ तक्रारींत बरंच काही गायब नसतं, तर घर बदललेलं असतं. मटेरियल डॉक्युमेंटचा डेटा एमकेपीएफ आणि एमएसईजी मधून मॅटडॉक मध्ये गेला. बीएसआयएस, बीएसआयडी, बीएसआयके यांसारखी फायनान्सची इंडेक्स टेबलं आता व्ह्यू आहेत. विक्रीचं स्टेटस व्हीबीयूके, व्हीबीयूपी मधून व्हीबीएके, व्हीबीएपी मध्ये आलं. प्राइसिंगच्या कंडिशन केओएनव्ही ऐवजी पीआरसीडी_एलिमेंट्स मध्ये.

एमएसईजी वरचा जुना सिलेक्ट अजूनही चालतो, कारण सॅप तो आतल्या आत वळवतं. पण अशा नावांवर थेट इन्सर्ट किंवा अपडेट करणारा झेड प्रोग्रॅम चालणार नाही, आणि केओएनव्ही थेट वाचणाऱ्या जुन्या रिपोर्टला नव्या बिलांचं काही मिळणार नाही. इथं डिक्शनरीत काही दुरुस्त करायचंच नाही. प्रोग्रॅम बदलायचा. एटीसी (सॅपचं कोड तपासायचं साधन) मधली कस्टम कोडची तपासणी अशा जागा दाखवते.

सीडीएस व्ह्यूसाठी (कोडमधून लिहिलेले नव्या पद्धतीचे व्ह्यू) एसई११ मध्ये शोधत बसू नका. त्यांचा उगम डीडीएल सोर्स, आणि तो एक्लिप्समधून उघडतो. टीएडीआयआर मध्ये शोधताना प्रकार डीडीएलएस.

थांबायचं कधी

झेड किंवा वाय ने सुरू न होणारं, म्हणजे सॅपचं स्वतःचं टेबल डेटाबेसमध्ये सापडत नसेल तर लगेच थांबा. डीबी०२ च्या यादीत एक नाही, ओळीने टेबलं दिसत असतील तर थांबा, तो डेटाबेसचा किंवा रिस्टोअरचा प्रश्न आहे. क्यूसीएम दिसलं, थांबा. अपग्रेड चालू असताना एसपीडीडी (डिक्शनरीतले आपले बदल जुळवून घ्यायची पायरी) च्या यादीत तुमची टेबलं आली आणि कुठला पर्याय निवडायचा कळत नसेल, तर अंदाजाने ‘रीसेट’ करू नका. वाढवलेलं फील्ड डेटासकट जाऊ शकतं. आणि डीडी ने सुरू होणाऱ्या टेबलांत थेट एसक्यूएलने ओळ टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

यातलं काही असेल तर बेसिस, डीबीए, आणि गरज पडली तर सॅपच्या सपोर्टकडे तिकीट. प्लांट थांबला असेल तर तिकिटाची प्रायॉरिटी ‘व्हेरी हाय’ लावा, पण मग फोन उचलायला चोवीस तास माणूस ठेवावा लागतो, तो ठेवा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून कन्सल्टंट प्लांटवर येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. ही सगळी तपासणी व्हीपीएनवरून होते. त्याचा ॲक्सेस आधीच चालू आहे ना, एवढं बघून ठेवा.

तिकिटात हे द्या: सिस्टिम आणि क्लायंट, ऑब्जेक्टचं कॉपी केलेलं नाव आणि प्रकार, एसटी२२ चा अख्खा डंप (फोनने काढलेला पडद्याचा फोटो नको), पहिला डंप कधी आला, त्याआधीची शेवटची इम्पोर्ट झालेली रिक्वेस्ट आणि तिचा लॉग, एसई११ मधल्या दोन्ही चेकचे निकाल, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय दाबलं. शेवटचं लपवू नका. समोरचा माणूस ते लॉगमधून काढतोच, फक्त तासभर उशिरा.

दुरुस्ती झाली की ज्या युजरला डंप आला होता त्याच्याच लॉगिनवर, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, एक खरी एन्ट्री सेव्ह करून बघा. मग डेव्हलपमेंटमध्ये एसई०३ च्या ग्लोबल सेटिंगमध्ये रिक्वेस्ट रिलीज होताना ऑब्जेक्ट तपासायचा पर्याय बंद असेल तर चालू करून घ्या. रिलीजला मिनिटभर जास्त लागतं म्हणून डेव्हलपर कुरकुरतील. कुरकुरू द्या.